गोळ्या सुनेच्या, मेसेज सासऱ्यांना

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

धंतोलीतल्या एका औषध दुकानातून माझ्या भाचीच्या सासऱ्यांना मेसेज आला : अमुक गोळी संपत आली असेल, आजच मागवा. गोळी नैराश्यावरची, आणि भाचीची. सवलतीचं खातं सासऱ्यांच्या नंबरवर, त्यामुळे घरातल्या कुणीही औषध आणलं तरी बिल त्यावरच फाटतं. त्या रात्री घरात काय झालं ते इथे लिहीत नाही. मी दुकानात जाऊन विचारलं तर उत्तर मिळालं, "काका, ते सॉफ्टवेअर आपोआप पाठवते, आमचं त्यात काही नाही."

सरकारी दवाखान्यात औषधनिर्माण अधिकारी म्हणून नोकरी केल्यामुळे हे उत्तर मला पचलं नाही. शेड्यूल एच-वन या सरकारी यादीतल्या औषधांची, म्हणजे काही अँटिबायोटिक्स, अल्प्राझोलामसारख्या गोळ्या यांची विक्री वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावी लागते. डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं. आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. मोबाईल नंबर त्यात कुठेच नाही. क्षयरोगाचं वेगळं आहे. तिथे २०१८ पासून औषध विक्रेत्यानेही रुग्ण शासनाला कळवायचा असतो, आणि ते योग्यच आहे.

फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, २०१५ नुसार कामात कळलेली रुग्णाची माहिती नोंदणीकृत फार्मासिस्टने बाहेर सांगायची नाही. पण हे बंधन नोंदणीकृत माणसाला. आपल्याकडे अनेक दुकानांत प्रमाणपत्र भिंतीवर आणि काउंटरवर एखादा पोट्टा. नोंदणी नसताना चिठ्ठीवरचं औषध दिलं तर फार्मसी कायद्याच्या कलम ४२ खाली पूर्वी सहा महिने कैद किंवा एक हजार रुपये दंड होता. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने कैद तीन महिन्यांवर आणली, दंड मात्र दोन लाखांपर्यंत नेला. हजार रुपयांना कोण भीत होतं म्हणा! पण हा दंड औषध कोणी दिलं याचा आहे. गुपित कोणी फोडलं, हा प्रश्न त्यात येत नाही.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, तोही २०२३ चाच, माहितीची सुरक्षा राखली नाही तर २५० कोटींपर्यंत दंड आहे. आकडा छाती दडपवणारा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. शिवाय दंड जमा होणार केंद्राच्या संचित निधीत. जिची गोष्ट घरभर झाली तिला त्यातून एक पैसा नाही.

तिला काही मिळायचं तर ते ग्राहक आयोगातून. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती कायद्याच्या आधाराशिवाय दुसऱ्याला देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर तक्रारीला शुल्कही नाही. हे मी भाचीला सांगितलं. ती म्हणाली, "मामा, आता अजून दहा लोकांना कळू द्यायचं का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून जिल्ह्यातल्या औषध निरीक्षकांना विनंती. परवाना आणि फार्मासिस्टची हजेरी बघता, तसंच दुकानाचं बिलिंगही बघा : कोणाच्या औषधाचा मेसेज कोणाच्या नंबरवर जातो, आणि नंबर न देणाऱ्याला औषध नाकारलं जातं का. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने विक्रेत्यांना नंबरचा आग्रह धरू नका असं बजावलं होतं, तेही काउंटरवर मराठीत लागलेलं दिसू द्या. आणि केमिस्ट बंधूंनो, औषध संपल्याची आठवण द्यायचीच असेल तर जिच्या नावाची चिठ्ठी तिलाच विचारून, तिच्याच नंबरवर द्या. मेसेजातून औषधाचं नाव तर आजच काढा. त्यासाठी सॉफ्टवेअरवाल्याला एक फोन पुरे.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी
नंदनवन, नागपूर