डब्यावर पपनस, ग्लासात पुठ्ठा

वेंगुर्ले, दि. २० मे

प्रति,
मुख्य ब्रूअर आणि ग्राहक सेवा विभाग

विषय : तुमच्या आयपीए (इंडिया पेल एल) बियरच्या ५०० मिलीच्या कॅनमध्ये आढळलेला शिळेपणा आणि त्यावर फोनवर मिळालेलं चुकीचं उत्तर

महोदय,

मी वेंगुर्ल्यात काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना चालवते. पुण्यात नोकरीला होते तेव्हा तुमच्या टॅपरूममध्ये ही आयपीए पहिल्यांदा प्यायले आणि कडू बियर चांगलीही असू शकते हे मला त्या दिवशी कळलं. त्यामुळे २ मे रोजी आमच्या इथल्या बियर शॉपीत तुमचे कॅन दिसले तेव्हा मनापासून आनंद झाला. प्रत्येकी २१० रुपयांना सहा कॅन घेतले. मे महिन्यात आमच्याकडे मुंबईचे चाकरमानी असतात. धाकट्या दिरांना मी आधीच सांगून ठेवलं होतं की या वेळी तुम्हाला वेगळी बियर पाजते.

दुसऱ्या दिवशी बांगडे तळले आणि दोन कॅन फोडले. पहिल्या घोटाला दीर म्हणाले, "ह्यो कसलो काढो दिलंस गो वयनी?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. डब्यावर तुम्ही पपनस, आंबा आणि पाईनचा वास छापला आहे. ग्लासातून वास येत होता तो पावसात भिजून वाळलेल्या पुठ्ठ्याचा, आणि त्याखाली जुन्या मधासारखा जड गोडवा.

मी ५ तारखेला तुमच्या ग्राहक सेवेला फोन केला. तुमच्या प्रतिनिधीने दोन गोष्टी सांगितल्या. एक, आयपीए कडूच असते, सवय नसेल तर आवडत नाही. दोन, ही बियर मुळात इंग्लंडहून जहाजाने महिनोन् महिने प्रवास करून हिंदुस्थानात यायची, तेव्हा कोकणापर्यंतच्या रस्त्याने तिला काही होत नाही. या दोन्ही उत्तरांमुळेच हे पत्र लिहावं लागतं आहे.

आधी चव. दोष काय आहे हे ओळखायचा मी नीट प्रयत्न केला. पहिली शंका उन्हाची घेतली, कारण हॉप्सच्या, म्हणजे बियरला कडूपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांच्या, कडू घटकांवर प्रकाश पडला की बियरला एक घाणेरडा, जळक्या रबरासारखा वास येतो. पण तो दोष बाटलीतला. कॅनमध्ये उजेड शिरत नाही. आंबटपणा नव्हता, फेस उसळून बाहेर आला नाही, म्हणजे जंतूंनी बिघडवलेली नव्हती. लोण्यासारखा वासही नव्हता. राहिला ऑक्सिजन आणि उष्णता.

याची खात्री करायला मी भाच्याला पुण्याहून याच बॅचचे दोन कॅन आणायला सांगितले. तिथलं दुकान तुमचा माल आल्या दिवसापासून कोल्ड रूममध्ये ठेवतं. मासे पाठवायच्या थर्माकोलच्या पेटीत, बर्फात घालून त्याने ते रात्रीच्या बसने आणले. दोन्हीकडच्या कॅनच्या तळाशी तोच बॅच नंबर, तीच पॅकिंगची तारीख : २४ जानेवारी. वेंगुर्ल्यातले आणि पुण्यातले कॅन एकाच फ्रीजमध्ये, एकाच थंडाव्याला रात्रभर ठेवले.

११ मे रोजी चाचणी केली. प्रत्येकासमोर तीन पेले, दोन पेल्यांत एकीकडची बियर, तिसऱ्यात दुसरीकडची. वेगळा पेला कोणता ते ओळखायचं. काजूगराच्या मालाला आम्ही असंच करतो. रंगावरून कळू नये म्हणून स्टीलचे पेले घेतले. ओतायचं काम नवऱ्याने आतल्या खोलीत केलं. मी, माझी जाऊ आणि भाचा, तिघांनीही वेगळा पेला बरोबर काढला, तोही नुसत्या वासावर. जावेने आयुष्यात त्या दिवसाआधी बियर चाखलेली नव्हती.

मग काचेच्या ग्लासात ओतून पाहिलं. पुण्याची बियर फिकट सोनेरी, किंचित गढूळ. तिचा वास ग्लास नाकाशी नेण्याआधीच येतो : सोललेलं पपनस, कैरी देठाकडे मोडल्यावर येणाऱ्या चिकाचा उग्रपणा, मागे ओल्या तिरफळासारखी झिणझिण. (हॉप्समधलं मिरसीन हे सुगंधी द्रव्य आंब्यातही असतं, त्यामुळे डब्यावर आंबा लिहिण्यात तुम्ही काही खोटं केलेलं नाही.) कडूपणा मेथीच्या कोवळ्या भाजीसारखा, सरळ येतो आणि घोट गिळला की निघून जातो. पुढच्या घोटाला तोंड मोकळं. तळलेल्या बांगड्याबरोबर याहून चांगलं पेय मला माहीत नाही. साडेतीन महिन्यांत थोडा मंदावला असेल सुगंध, पण बियर जिवंत होती.

वेंगुर्ल्याची बियर कोऱ्या चहाकडे झुकणारी तांबूस. फेस पटकन बसला. सुगंध जवळजवळ गेलेला. चवीला आधी काकवीचा गोडवा, मग कडूपणा येतो आणि जिभेच्या मुळाशी चिकटून बसतो, कारल्याची भाजी करपल्यावर बसतो तसा. म्हणजे डब्यावरचे ५५ आयबीयू (कडूपणाचं माप) बरेचसे शाबूत, आणि ज्या वासामुळे तो कडूपणा सोसावासा वाटतो तो वासच नाही. दिरांना काढा वाटला तो यामुळे. सवय नसल्यामुळे नव्हे.

आता जहाजाबद्दल. लंडनच्या बो भागातल्या हॉजसन या ब्रूअरची बियर मुंबई-कलकत्त्याला यायची तेव्हा सुएझचा कालवा नव्हता, तो १८६९चा. आफ्रिकेला वळसा घालून यायला चार ते सहा महिने लागायचे आणि बियर टिकायची, हे खरं. पण ती लाकडी पिंपात असायची, आत जिवंत यीस्ट असायचं, ते ऑक्सिजन खाऊन टाकायचं. जादा हॉप्स घालायचे ते बियर आंबवणाऱ्या जंतूंना थोपवायला. हॉप्स जंतूंना थोपवतात. आपल्या सुगंधी तेलांना हवेपासून आणि उष्णतेपासून वाचवू शकत नाहीत. शिवाय ती पिंपं कोणी ताज्या पपनसाचा वास छापून विकत नव्हतं. तुमची बियर विकली जाते ती ड्राय हॉपिंगच्या, म्हणजे न उकळता मागाहून घातलेल्या हॉप्सच्या, सुगंधावर. तिला त्या जहाजाचा दाखला देणं म्हणजे सुक्या बांगड्याचा नियम ताज्या बांगड्याला लावणं.

आमच्या दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे खोका मार्चअखेरीस आंबोली घाट उतरून साध्या टेम्पोने आला. तेव्हापासून कॅन पत्र्याच्या छपराखाली फळीवर होते, गिऱ्हाईक आलं की दोन-तीन फ्रीजमध्ये टाकायचे. एप्रिलमध्ये तिथे दुपारी ३४ अंश असतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की बिघाड साधारण दुप्पट वेगाने होतो, हा ढोबळ नियम. ४ अंशांवरून ३४ म्हणजे आठपट. फळीवरचे पाच आठवडे फ्रीजमधल्या चाळीस आठवड्यांसारखे झाले. रात्रीचा गारवा धरून निम्मे करा, तरी वीस होतात. दुकानदाराला मी दोष देत नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. डब्यावर 'थंड जागी ठेवा' एवढंच, तेही चार ओळींच्या खाली, आणि 'सहा महिन्यांपर्यंत उत्तम' ही तुमच्या साध्या लागरवर असलेलीच मुदत.

माझ्या धंद्यात जवळपास निम्मं तेल असलेला गर विकायचा असतो. हवा लागली की खवट. म्हणून डब्यातली हवा काढून नायट्रोजन भरतो, आणि तरीही पावसाळ्यात गेलेल्या मालाची तक्रार आली तर "काजू असाच लागतो" असं गिऱ्हाइकाला सांगायची माझी हिंमत होत नाही. तुमच्या माणसाने मला नेमकं तेच सांगितलं. सहा कॅनच्या पैशांपेक्षा मला ते जास्त लागलं.

माझं म्हणणं असं. या आयपीएची मुदत वेगळी आणि कमी ठेवा, तीन महिने, आणि पॅकिंगची तारीख तळाशी पुसट न छापता दर्शनी बाजूला ठळक छापा. घाटाखाली माल पाठवायचा तर थंड गाडीने आणि ज्याच्याकडे सगळा माल मावेल असा फ्रीज आहे त्याच दुकानात. ते परवडत नसेल तर एप्रिल-मे पाठवू नका. आम्ही पुण्याहून आणू. ग्राहक सेवेतल्या लोकांना ताजी आणि शिळी बियर शेजारी ठेवून एकदा तरी चाखवा. या बॅचच्या पॅकिंगच्या वेळी कॅनमधल्या ऑक्सिजनची नोंद काय होती ते मला लेखी कळवा. पुण्याचे कॅन चांगले निघाल्याने दोष तिथे नसावा असं मला वाटतं, पण ते तुमच्याकडून यायला हवं. आणि १२६० रुपये परत करा.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर सिंधुदुर्गच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ती वेळ येऊ नये असं वाटतं, कारण पुण्याहून आलेल्या त्या दोन कॅनमधली बियर मला टॅपरूममधल्या त्या पहिल्या दिवसाइतकीच आवडली.

वेंगुर्ल्यातल्या सहांपैकी दोन कॅन न फोडता फ्रीजमध्ये ठेवले आहेत. तुमच्या ब्रूअरने स्वतः येऊन चाखावेत, किंवा माणूस पाठवून प्रयोगशाळेसाठी न्यावेत. न्यायचे झाल्यास बर्फाची पेटी सोबत आणावी. बिलाची आणि कॅनच्या तळाची छायाचित्रं जोडली आहेत.

आपली,
एक ग्राहक
काजू प्रक्रिया व्यावसायिक, वेंगुर्ले