पॉवर विंडो किटमधील धोकादायक त्रुटींबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : हँडलच्या काचा असलेल्या गाडीत बसवलेल्या पॉवर विंडो किटमधील त्रुटी, चुकीची जाहिरात व भरपाईबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीचे चार दरवाजांचे पॉवर विंडो किट, सोबतच्या सेंट्रल लॉकिंगसह आणि काचा आपोआप बंद करणाऱ्या मॉड्यूलसह, मी माझ्या गाडीत बसवून घेतले. गाडी बेस मॉडेलची असून तिच्या काचा मुळात हँडल फिरवून वर-खाली कराव्या लागत. खोक्यावर आणि माहितीपत्रकात आपण तीन गोष्टी ठळकपणे लिहिल्या आहेत. सर्व काही कंपनी फिटिंगसारखे असेल, गाडीची एकही मूळ वायर कापावी लागणार नाही, आणि काचेत हात अडकल्यास काच आपोआप खाली येईल. या तिन्ही गोष्टी माझ्या गाडीत खऱ्या ठरलेल्या नाहीत, आणि तिसरी खरी न ठरणे ही गैरसोय नसून सरळसरळ धोका आहे. आपल्या ग्राहक सेवा केंद्राने दूरध्वनीवर सगळा दोष फिटिंग करणाऱ्यावर ढकलला, म्हणून हे सविस्तर लिहावे लागत आहे. ते फिटिंग आपण दिलेल्या यादीतील कारागिराने, आपलीच पुस्तिका समोर उघडी ठेवून केलेले आहे, याची कृपया आधी नोंद घ्यावी.

किटमधील सगळेच वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. बटणे डोअर पॅडमध्ये, म्हणजे दरवाजाच्या आतल्या बाजूच्या आवरणात, इतकी चपखल बसली आहेत की टॉप मॉडेलची गाडी शेजारी उभी केली तरी फरक ओळखू येऊ नये; मोटरींचा आवाज नाही आणि काच चॅनलमध्ये तिरकी होत नाही. परंतु माझी तक्रार नेमकी येथूनच सुरू होते. हाताला लागते आणि डोळ्यांना दिसते तेवढे कंपनीसारखे झाले आहे. डोअर पॅडच्या आतले मात्र तसे झालेले नाही.

प्रथम काचेविषयी. आपल्या मॉड्यूलमुळे रिमोटने गाडी लॉक करताच उघड्या राहिलेल्या चारही काचा एकदम वर जाऊ लागतात आणि पूर्ण बंद होईपर्यंत थांबत नाहीत. म्हणजे काच बंद होत असताना बटणावर कोणाचे बोट नसते, आणि लॉक करणारा माणूस बहुधा पाठ फिरवून निघालेला असतो. अशा वेळी अडथळा ओळखून काच मागे घेणे ही चैन उरत नाही. मी मागच्या दरवाजाची काच अर्धी उघडी ठेवली, फटीत कापडाच्या गुंडाळीत असते तशी पुठ्ठ्याची जाड नळी धरली आणि गाडी लॉक केली. काच नळीपाशी क्षणभरही थबकली नाही. नळी आधी काठाशी चेपली, मग दुमडली, मोटरचा सूर खाली उतरला आणि काच त्या नळीला चौकटीच्या रबरात दाबून धरून तशीच उभी राहिली. ती आपणहून खाली आली नाही. मला दरवाजा उघडून, बटण दाबून ती खाली घ्यावी लागली. उरलेल्या तीन दरवाजांवरही वेगळे काही घडले नाही.

कारखान्यातून पॉवर विंडो घेऊन येणाऱ्या गाडीत ही सोय कशी चालते, हे आपल्या अभियंत्यांना मी सांगावे असे नाही. पण सेवा केंद्राशी झालेल्या बोलण्यावरून ते तिथे कोणाला ठाऊक नसावे असे दिसले. अशा मोटरीच्या अक्षावर चुंबक आणि त्यासमोर चुंबकाचे फिरणे ओळखणारा हॉल सेन्सर असतो. तो मोटरचे फेरे मोजतो, त्यामुळे काच कोणत्या उंचीवर आहे हे मॉड्यूलला सतत माहीत असते. मधल्या वाटेत फेरे मंदावले तर तो अडथळा आणि अगदी वरच्या टोकाला मंदावले तर ते चौकटीचे रबर, हा भेद त्याला त्या मोजणीमुळेच करता येतो. बॅटरी काढून पुन्हा जोडल्यावर अनेक गाड्यांत काच एकदा पूर्ण वर-खाली करून घ्यावी लागते ती याचसाठी. आपल्या मोटरीला दोनच वायरी आहेत, म्हणजे सेन्सर नाही. मोटरीच्या प्रवाहातील बारीक चढउतार मोजून सेन्सरशिवायही हे साधता येते, याची मला कल्पना आहे. परंतु मॉड्यूलला काचेचे वरचे टोक ओळखायला लावणारी कोणतीही कृती आपल्या पुस्तिकेत दिलेली नाही, तेव्हा तेही होत नसणार. आपले मॉड्यूल फक्त प्रवाह ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की पुरवठा तोडते. एकच किट घट्ट रबराच्या आणि सैल रबराच्या, जुन्या आणि नव्या अशा सर्व गाड्यांत चालावे म्हणून ती मर्यादा भरपूर वर ठेवलेली असावी, असा माझा तर्क आहे, आणि त्या सोयीची किंमत काचेच्या फटीत हात असणाऱ्याने मोजायची आहे.

या विषयावरचे निकष मोघम नाहीत. युनायटेड नेशन्सच्या वाहन-नियमावलीतील २१ क्रमांकाचा नियम आणि अमेरिकेचे ११८ क्रमांकाचे वाहनसुरक्षा मानक, या दोहोंमध्ये आपोआप मागे फिरणाऱ्या काचेसाठी आकडे दिलेले आहेत. काचेच्या वरच्या कडेपाशी २०० मिलिमीटरपासून ४ मिलिमीटरपर्यंतच्या फटीत काही अडकले, तर त्यावरचा जोर १०० न्यूटनच्या, म्हणजे साधारण दहा किलोच्या भाराच्या, पुढे जाण्याआधी काच उलट फिरली पाहिजे. हे नियम गाडी बनवणाऱ्यांसाठी आहेत, सुटे किट विकणाऱ्यांसाठी नाहीत, असे उत्तर येऊ शकते. तसे असेल तर खोक्यावर ‘कंपनी फिटिंगसारखे’ हे शब्द छापण्याचाही आपल्याला अधिकार राहत नाही. आपल्या प्रतिनिधीने मला ‘मोटरीत थर्मल कटऑफ आहे, तीच सुरक्षा’ असे सांगितले. थर्मल कटऑफ मोटर जळण्यापासून वाचवतो, बोट नव्हे.

दुसरी बाब वायरिंगची, आणि येथे ‘वायर न कापता’ या आश्वासनाचे काय झाले ते पाहावे. दरवाजा आणि बॉडी यांच्यामध्ये घड्या असलेले जे रबरी बूट असते, त्यातून मागच्या दरवाजांना आपल्या हार्नेसचा, म्हणजे वायरींच्या तयार जुडग्याचा, कपलर (टोकाचा जोडणीचा प्लग) जातच नाही. पुस्तिकेतील चित्रात मात्र तो सहज गेलेला दाखवला आहे. कारागिराला कपलर कापून, वायरी एकेक करून ओवून, पुन्हा जोडाव्या लागल्या, आणि हार्नेसची लांबी आखूड असल्यामुळे ते जोड नेमके बुटाच्या घडीत आले. दरवाजा जितक्या वेळा उघडेल आणि बंद होईल तितक्या वेळा ते जोड वाकणार आहेत. आज तेथे टेप गुंडाळलेली आहे. टेप सुटून किंवा तार तुटून उघडे तांबे बॉडीला लागण्याची आता फक्त वाट पाहायची.

मुख्य पुरवठा तर पुस्तिकेने चार्जिंग सॉकेटच्या वायरीवरून घ्यायला सांगितला आहे, तोही इन्सुलेशन चिरून आत घुसणाऱ्या पात्याच्या क्लिपने. अशी क्लिप दाबली की मूळ वायरीचे काही तंतू तुटतात आणि चिरलेल्या जागी ओल शिरून तांब्यावर हिरवट गंज चढतो. ‘न कापता’ म्हणजे अर्धवट कापून, असाच अर्थ आपल्याला अभिप्रेत असावा. माझ्या गाडीत त्या सॉकेटच्या सर्किटला १५ ॲम्पिअरचा फ्यूज आहे. काच वर नेताना एक मोटर साधारण ५ ते १० ॲम्पिअर घेते आणि अडली की त्याहून कितीतरी अधिक. चार मोटरी एकाच वेळी सुरू करणाऱ्या मॉड्यूलला १५ चा फ्यूज पुरणार नाही हे कागदावरच कळण्यासारखे होते. फ्यूज उडाला, तेव्हा सेवा केंद्राने ३० चा घालण्याचा सल्ला दिला. फ्यूज हा मोटरीसाठी नसून वायरीच्या रक्षणासाठी असतो. प्रवाह दुप्पट झाला की त्याच वायरीचे तापणे चौपट होते, आणि ती वायर डॅशबोर्डच्या मागे इतर वायरींच्या जुडग्यातून गेलेली आहे. हा सल्ला मी मानला नाही. तो इतर किती ग्राहकांना दिला गेला आहे, हे आपण तपासावे अशी माझी आग्रहाची विनंती आहे. जी गाडी मुळातच पॉवर विंडोसह बनते, तिच्यात या कामासाठी फ्यूज बॉक्समधून वेगळी जाड वायर आणि स्वतंत्र फ्यूज असतो. किटमध्ये तशी वायर, तसा फ्यूज आणि रिले (मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विद्युत स्विच) देणे ही काही अवघड गोष्ट नव्हती.

तिसरी बाब बॅटरी उतरण्याची. गाडी लॉक करून, तिची सर्व मॉड्यूल शांत होईपर्यंत थांबून मीटर लावला असता ४८० मिलिॲम्पिअर प्रवाह सतत जात असल्याचे दिसले. आपल्या मॉड्यूलचा कपलर काढताच तो ३० वर आला, जे उभ्या गाडीच्या मानाने योग्य आहे. ४८० मिलिॲम्पिअर म्हणजे दिवसाला सुमारे साडेअकरा ॲम्पिअर-तास. माझ्या ४५ ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीची सुरू करण्याची ताकद त्यात दोन-तीन दिवसांतच जाते. शिवाय हँडले आता काढून टाकलेली असल्याने बॅटरी उतरली की उघडी राहिलेली काच बंद करण्याचा दुसरा कोणताही मार्ग उरत नाही.

दरवाजाच्या आतील प्लॅस्टिकच्या पडद्याचा उल्लेख येथे थोडक्यात करतो. पुस्तिका तो मोटरीपुरता कापायला सांगते, पण पुन्हा चिकटवण्यासाठी लागणारी काळी, चिकट ब्यूटाइल रबराची पट्टी किटमध्ये दिलेली नाही. काचेच्या कडेने दरवाजात उतरणारे पावसाचे पाणी बाहेर वाहून जावे यासाठीच तो पडदा असतो. पुढच्या डाव्या बाजूचे कार्पेट आता ओले राहते. काही गाड्यांत बाजूच्या धडकेची जाणीव देणारा दाबाचा सेन्सर दरवाजाच्या पोकळीतच बसवलेला असतो. अशा गाड्यांत पडदा कापून उघडा सोडणे किती गंभीर आहे, हे पुस्तिकेत एका ओळीनेही सांगितलेले नाही.

या सर्वांचा परिणाम म्हणून, गाडीच्या विद्युत यंत्रणेत पुढे काही बिघाड झाल्यास बाहेरील वायरिंगमुळे वॉरंटी लागू होणार नाही, असे गाडीच्या सर्व्हिस सेंटरने मला लेखी कळवले आहे. त्यांना मी दोष देऊ शकत नाही.

माझी मागणी अशी की, आपण अडथळ्यापाशी खरोखर मागे फिरणाऱ्या मोटरी व मॉड्यूल, फ्यूज बॉक्सपासून स्वतंत्र फ्यूज व रिले असलेला पुरवठा, आणि बुटातून जोडाविना जाणारा पुरेशा लांबीचा हार्नेस देऊन किट स्वखर्चाने दुरुस्त करावे. हे शक्य नसल्यास संपूर्ण किट परत घेऊन त्याची आणि फिटिंगची रक्कम परत करावी, आणि मूळ हँडले, रेग्युलेटर (काच वर-खाली सरकवणारी यंत्रणा), पडदा व कापलेली वायर पूर्ववत करून देण्याचा खर्चही आपणच सोसावा. केवळ किटचे पैसे परत करून हा विषय संपणार नाही, कारण आता माझी गाडी किट घेण्यापूर्वी होती तशी राहिलेली नाही. दोन्हींपैकी काहीही ठरले तरी वायरींचा आकार, फ्यूजचे मूल्य आणि जोडणीचा संपूर्ण आराखडा मला लेखी मिळावा, आणि लॉक करताच काचा बंद करणाऱ्या मॉड्यूलची विक्री त्यातील त्रुटी दूर होईपर्यंत थांबवावी.

ते मॉड्यूल मी सध्या काढून ठेवले असून मुख्य पुरवठाही खंडित केला आहे. तपासणीसाठी आपला अभियंता पाठवायचा असल्यास आधी कळवावे. तपासणी माझ्या व फिटिंग करणाऱ्या कारागिराच्या उपस्थितीत व्हावी आणि तिचा अहवाल मला त्याच वेळी मिळावा. तोपर्यंत मॉड्यूल किंवा इतर कोणताही भाग मी कुरिअरने आपल्याकडे पाठवणार नाही. पावती, फिटिंगचे बिल, मीटरच्या नोंदी, जोडांची छायाचित्रे आणि सर्व्हिस सेंटरचे पत्र यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास हीच कागदपत्रे मी ग्राहक न्यायालयात दाखल करीन.

आपला,
तक्रारदार ग्राहक
(नाव, पत्ता व गाडीचा तपशील सोबतच्या पावतीप्रमाणे)