स्वस्त घर, पण आत कोण राहतंय?

महोदय,

बँकेच्या लिलावातली घरं कशी स्वस्तात पदरात पाडून घ्यावीत, हा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. बयाणा, बोली, कागदपत्रं, सगळं छान समजावलंय. घरात माणसं राहत असतील तर काय, याला मात्र एकच ओळ: ताब्याची खातरजमा करावी. वा! कशी करावी तेही सांगितलं असतंत तर उपकार झाले असते.

मी मुलुंडमधल्या एका सोसायटीचा सचिव. आमच्याकडचा एक वन बीएचके असाच लिलावात गेला. घेणाऱ्या गृहस्थांनी बोली लागताच २५ टक्के भरले, उरलेले मुदतीत भरले, मुद्रांक शुल्क भरलं आणि विक्री प्रमाणपत्र, पेढ्यांचा पुडा आणि एक चावीवाला घेऊन गेटवर हजर! वर गेले, तर दार उघडलं भाडेकरूच्या बायकोनं, हात कणकेचे. दारावर बँकेची नोटीस होतीच, घर कागदोपत्री ताब्यात घेतल्याची. तिच्या कोपऱ्यात भाडेकरूंनी केबलवाल्याचा नंबर लिहून ठेवलेला. भाडेकरार नोंदणीकृत, डिपॉझिट जुन्या मालकाच्या खिशात, त्याचा फोन बंद. बँकेचा माणूस नोटीस डकवून गेला तेव्हा बेल वाजवून दोन शब्द विचारले असते तर काय बिघडलं असतं?

गृहस्थ चिडले माझ्यावर. म्हणे, ‘तुम्ही सेक्रेटरी, कुलूप लावा.’ अहो, मी कोण कुलूप लावणार? सरफेसी, म्हणजे बुडीत कर्जापोटी तारण घर बँकेला विकू देणारा कायदा; त्याच्या कलम १४ प्रमाणे बँकेनं दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, मग ताब्याचा आदेश. कागदावर मुदत ३० दिवस, फार तर ६०. प्रत्यक्षात पावसाळा सरला. तोवर यांचे हप्ते चालू आणि राहत्या जागेचं भाडंही चालू. शेवटी कोर्ट कमिशनर आले, सोबत पोलीस. पंचनाम्यात ‘प्रेशर कुकर, एक, शिट्टी नाही’ इथपर्यंत नोंद. मुलगी शाळेचं दप्तर घेऊन जिन्यात उभी. पंच म्हणून सही कोणाची? अर्थात माझी.

आणि मेंटेनन्सची थकबाकी? नवे मालक म्हणतात बँकेकडे मागा. बँक म्हणते जाहिरात वाचा, ‘जसे आहे, जिथे आहे’ तत्त्वावर विकलंय. पैसे सगळे आधी घ्यायचे आणि घर रिकामं करायचा ताप दुसऱ्याच्या गळ्यात, हा कुठला न्याय? आधी प्रत्यक्ष ताबा घ्या, मगच लिलाव पुकारा.

जाता जाता, या ताबा-नोटिसा तुमच्याच अंकात छापून येतात. अक्षर मुंगीएवढं, आणि मराठी असं की मूळ इंग्रजी शोधून वाचावं लागतं. पैसे घेऊन छापता, तर निदान वाचता येतील अशा छापा.

— एक सोसायटी सचिव, मुलुंड (पूर्व)