तीन कागद एकावर एक लावले तर अंधारच होणार

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या बालपुरवणीतला ‘पांढरा प्रकाश बनवा’ हा प्रयोग छापण्यापूर्वी कुणी करून पाहिलेला नाही, हे उघड आहे. एकाच टॉर्चवर लाल, हिरवा, निळा जिलेटिन कागद एकावर एक लावून पांढरा प्रकाश कधीच मिळणार नाही. लाल कागद हिरवा-निळा प्रकाश शोषतो, उरलेला लाल पुढचा हिरवा कागद अडवतो. भिंतीवर जेमतेम काळपट डाग पडतो. शाळांची विज्ञान प्रदर्शनं तोंडावर आहेत. मुलं बिचारी सेल बदलत बसतील.

प्रकाश मिसळायला तीन वेगळे दिवे लागतात. इंदूरच्या महाराणी रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून ५ मिलिमीटरचे लाल, हिरवा, निळा असे तीन एलईडी आणावेत. ९ व्होल्टच्या बॅटरीवर प्रत्येकाला स्वतंत्र ४७० ओहमचा रेझिस्टर आणि त्याच्याच रांगेत ५ किलोओहमचा प्रीसेट (फिरवून उजेड कमी-जास्त करता येणारा छोटा रेझिस्टर) हवा. तिघांत मिळून एकच रेझिस्टर लावला, तर कमी व्होल्टेजवर पेटणारा लाल जवळपास सगळा करंट ओढतो आणि बाकीचे दोन विझलेलेच राहतात. अंधाऱ्या खोलीत तिघांचे झोत पांढऱ्या भिंतीवर एकाच जागी पाडा. आधी लाल-हिरवा जुळवा: पिवळ्याऐवजी पोपटी दिसला तर हिरवा कमी करा, नारिंगी दिसला तर लाल. मग निळा हळूहळू वाढवा. मध्ये पेन्सिल धरली की निळा अडतो तिथे पिवळी सावली पडते, हिरवा अडतो तिथे राणी रंगाची, लाल अडतो तिथे निळसर हिरवी. मुलांना दाखवायचं ते हे!

लाल-हिरव्यातून ‘पिवळ्या तरंगलांबीचा’ प्रकाश तयार होतो, हे विधानही चूक. साधारण ६३० नॅनोमीटरचे लाल आणि ५२५ नॅनोमीटरचे हिरवे किरण भिंतीवर तसेच राहतात. डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशींपैकी (शंकुपेशी) दोन प्रकारच्या पेशी त्यांनी मिळून तेवढ्याच चेतवल्या, जेवढ्या शुद्ध पिवळ्याने चेतवल्या असत्या, म्हणून पिवळा दिसतो. पडताळा सोपा आहे. या पिवळ्या उजेडात लाल कापड लालच दिसतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या ५८९ नॅनोमीटरचा शुद्ध पिवळा प्रकाश देणाऱ्या सोडियम दिव्याखाली तेच काळपट पडतं.

शिवाय चित्रातल्या इंद्रधनुष्यात राणी रंगाचा पट्टा कशासाठी? त्या रंगाला स्वतःची तरंगलांबीच नाही, तो लाल-निळ्याच्या मिश्रणातूनच दिसतो.

दुरुस्ती बालपुरवणीतच, त्याच जागी, आकृतीसह छापावी. ग्रहणाच्या वेळा चुकल्या तेव्हा खुलासा जाहिरातींच्या पानावर दोन ओळींत आला होता. तो मुलांपर्यंत पोचलाच नाही.

आपला,
भौतिकशास्त्राचा एक शिक्षक, इंदूर