पंप बंद केल्यावरचे आकडे दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जमिनीत मुरलेलं पेट्रोल किंवा कारखान्यातलं सॉल्व्हेंट (ग्रीस-तेल विरघळवणारं रसायन) काढायला पंप लावतात, काही महिन्यांनी रीडिंग खाली आलं की ‘भूजल शुद्ध झालं’ असं जाहीर होतं आणि पेपरातही तसंच छापून येतं, हे मला फार खटकतं म्हणून लिहितोय.

पेट्रोल, डिझेल पाण्यापेक्षा हलकं, भूजलावर तरंगतं, त्यामुळे निदान सापडतं तरी. शिवाय ते खाणारे जिवाणू मातीतच असतात, खाली हवा सोडली की जोमाने कामाला लागतात. खरी डोकेदुखी टीसीईची, म्हणजे धातूच्या पार्टवरचं ग्रीस काढायला वापरतात ते ट्रायक्लोरोएथिलीन. ते पाण्याच्या जवळपास दीडपट जड, खाली खाली उतरत खडकाच्या भेगांत नि चिकणमातीत जाऊन बसतं आणि तिथून वर्षानुवर्षं पाझरत राहतं. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला फक्त 5 मायक्रोग्रॅम आहे, हिशोब केला तर एक लिटर टीसीई साधारण 29 कोटी लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं! पंप वाहतं पाणी ओढतो, मातीत शिरलेलं तसंच राहतं, मग पंप बंद केला की बऱ्याच ठिकाणी आकडे परत चढतात.

जिवाणूंनी टीसीईसुद्धा मोडता येतं, पण त्या जिवाणूंना ऑक्सिजन अजिबात चालत नाही, पेट्रोलच्या बरोबर उलट, त्यामुळे दोन्ही एकत्र सांडलेलं असेल तर एकाच उपायाने भागत नाही. आणि काम अर्धवट थांबलं तर टीसीई मोडताना मधे तयार होणारं व्हिनाइल क्लोराइड साचतं, ज्याने कॅन्सर होतो हे सिद्ध झालंय. म्हणजे रिपोर्टमध्ये टीसीई कमी दिसतंय आणि प्यायचं पाणी मात्र आधीपेक्षा घातक, असं होऊ शकतं, आणि ते पिणाऱ्याला कोणी सांगत पण नाही.

म्हणून विनंती आहे, पुढच्या वेळी अशी बातमी आली तर तुमच्या वार्ताहराने विचारावं की गळतीची मूळ जागा खणून काढली का, व्हिनाइल क्लोराइड तपासलं का, पंप बंद झाल्यावर निदान दोन-तीन वर्षं नमुने घेतले का. आणि ते नमुने ज्याने सांडलं त्याच्याच लॅबमधले नकोत.

आपला,
एक नियमित वाचक