फोटोत चार वाट्यांची थाळी, आणि वॉरंटीत 'असंतुलित जॉब'

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: लाकूडकामाच्या लेथची वॉरंटी नाकारल्याबाबत

महोदय,

ऑक्टोबरात आपल्याकडून घेतलेला, लाकूड फिरवत ठेवून कातायचा लेथ गेले अठरा दिवस माझ्या पडवीत ताडपत्री पांघरून उभा आहे. बेअरिंग बिघडल्याच्या माझ्या तक्रारीला आपले उत्तर आले ते एका ओळीचे: 'असंतुलित जॉब लावल्यामुळे वॉरंटी लागू नाही.' जॉब म्हणजे लेथवर बांधलेला तुकडा. हे पत्र त्या एका ओळीबद्दल आहे.

आपल्या जाहिरातीत लेथशेजारी एका अखंड फळीत कातलेली चार वाट्यांची थाळी दिसते. तो फोटो पाहूनच मी पैसे भरले. मी ३१ वर्षे कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत टर्नर, म्हणजे लेथ कामगार होतो, फोर-जॉ चकमध्ये (चार जबड्यांच्या पकडीत) एक्सेंट्रिक, म्हणजे मध्य सोडून फिरणारा जॉब बांधण्यात माझी निम्मी नोकरी गेली. एका फळीत चार वाट्या कातायच्या तर दर वेळी त्या त्या वाटीचा मध्य स्पिंडलच्या (लेथच्या फिरत्या दांड्याच्या) रेषेत आणावा लागतो, आणि उरलेली फळी एका अंगाला लोंबत फिरते. म्हणजे आपल्या फोटोतला जॉब मुळात असंतुलितच आहे. ती थाळी राउटरवर (फिरत्या पात्याने लाकूड कोरणाऱ्या यंत्रावर) कोरली असेल तर फोटो राउटरच्या जाहिरातीत लावा.

मला करायची होती पंचपाळी. संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून सूनबाईंना बारा नग हवे होते. फणसाची फळी, व्यास २४० मि.मी., जाडी ४५. मधोमध एक वाटी आणि तिच्याभोवती ७५ मि.मी. अंतरावर चार. बाजूची वाटी कातताना फळीची लांबची कड मध्यापासून १९५ मि.मी.वर जाते. आपला लेथ मध्यापासून २२५ मि.मी. घेतो. हे मी आधीच मोजले होते, शिवाय आपल्या विक्री प्रतिनिधीला फोनवर दोनदा विचारले होते, 'सेंटर सोडून काम होईल ना?' उत्तर आले, 'बिनधास्त करा काका.'

प्रश्न वेगाचा आहे. माहितीपत्रकात कमीत कमी वेग २५० आरपीएम (मिनिटाला फेरे) छापला आहे, आणि पडद्यावर आकडाही २५०चाच येतो. चकवर चमकती पट्टी चिकटवून हातातल्या टॅकोमीटरने (फेरे मोजायच्या यंत्राने) मोजले तर ५१०. तीनदा मोजले, व्हिडिओ सोबत आहे. आता हा फरक किती महागात पडतो ते पाहा. ती फळी सुमारे १.३ किलोची. मध्य ७५ मि.मी. सरकवला की २५०वर ती स्पिंडलला साधारण ७ किलोच्या जोराने ओढते. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट, म्हणजे २७-२८ किलो, आणि तीही दर फेऱ्याला दिशा बदलत. शिवाय ५१०वर फळीची बाहेरची कड डोळ्यांना दिसतच नाही, नुसती धूसर सावली राहते. गाऊज (कातायची पन्हाळी छिन्नी) धरलेला हात त्या सावलीच्या शेजारीच असतो.

मी वजन लावले नव्हते असे समजू नका. फळी प्लायवूडच्या चकतीवर स्क्रूने बसवली आणि समोरच्या अंगाला लोखंडी पट्ट्या बोल्टने आवळल्या. मोटरचा पट्टा सैल करून स्पिंडल हाताने फिरवले, जड बाजू खाली येऊन थांबायची बंद होईपर्यंत पट्ट्या कमीजास्त केल्या. वाटी कातताना लाकूड स्पिंडलच्या मध्याभोवतीच निघते, त्यामुळे तेवढ्यापुरता तोल टिकतो. पुढच्या वाटीला फळी सरकवली की पुन्हा सगळे पहिल्यापासून. हे दर वेळी केले, फोटो काढून ठेवले आहेत. फोटो काढायची सवय नातवाची, पण आज तीच उपयोगी पडली.

तिसऱ्या वाटीला मशीन बंद केले. आपला इलेक्ट्रॉनिक ब्रेक स्पिंडल झटक्यात थांबवतो. स्पिंडल थांबले, पण फळी, पट्ट्या आणि फेसप्लेट (स्पिंडलवर आट्यांनी बसणारी, जॉब धरणारी तबकडी) यांचा वेग होता तसाच राहिला आणि फेसप्लेट आट्यांवरून उलगडत बाहेर आली. फळी भिंतीला लागून दुभंगली. तोंडावर शील्ड होती आणि मी बाजूला उभा होतो, म्हणून हे पत्र मी लिहितो आहे. नेमके हे होऊ नये म्हणून फेसप्लेटला अडकवणीचे ग्रब स्क्रू असतात. आपल्या पुस्तिकेतील चित्रात दोन आहेत. माझ्या फेसप्लेटला त्यांची भोकेच पाडलेली नाहीत. त्या दिवसापासून पुढच्या बेअरिंगचा खरखर आवाज येतो.

वाणाला शेवटी स्टीलच्या वाट्या वाटल्या. त्याबद्दल आपल्याकडे काही मागत नाही.

मागतो ते एवढेच: पुढचे बेअरिंग वॉरंटीत बदलून द्यावे, ग्रब स्क्रूची फेसप्लेट पाठवावी, आणि कंट्रोलर वा पुली बदलून २५० म्हटल्यावर २५० मिळेल असे करावे. यातले काही शक्य नसेल तर लेथ परत न्यावा आणि वाहतुकीसह ₹६८,००० परत करावेत. आपल्या माणसाला कुडाळपर्यंत यावे लागेल. कोकण रेल्वे दारात आहे, चहा मी देईन.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे जाईन. राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे मला आपल्या शहरात खेटे घालावे लागणार नाहीत. त्या अर्जात फोटोतली थाळी दिशाभूल करणारी जाहिरात म्हणून पहिल्या पानावर असेल.

आपला ग्राहक,
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग

सोबत: बिलाची प्रत, जाहिरातीचा फोटो, टॅकोमीटरचा व्हिडिओ, तोलाच्या पट्ट्यांचे फोटो, दुभंगलेल्या फळीचा फोटो. (फळी जपून ठेवली आहे, माणूस आला की दाखवीन.)