आई, बाची बिचारा नव्हता

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाचीचा, आमच्या शेजारच्या हंगेरियन म्हाताऱ्याचा, विषय निघाला तेव्हा आई, तू म्हणालीस, "बिचारा गं. परक्या मुलखात एकटाच गेला." तेवढ्यात तुमच्याकडे गॅसवाला आला आणि बोलणं तिथेच राहिलं. पण तो 'बिचारा' मला काही केल्या पचेना. बाचीला हजार नावं ठेव. त्यातली निम्मी मीच ठेवली असतील. लहरी म्हण, हट्टी म्हण, चिखलाचे बूट घालून घरभर फिरणारा म्हण. बिचारा तेवढं म्हणू नकोस. तो गेला कसा, नंतर काय झालं, हे तुम्हाला तुटक तुटकच कळलंय, म्हणून आज सगळं सविस्तर लिहिते.

आधी बाबांसाठी. तुम्ही विचारलं होतं, हा माणूस कॅनडात आला कसा? तुम्ही इथे होतात तेव्हा त्याने दोनदा तरी सांगितलं असेल, पण त्याचं इंग्रजी आणि तुमचं इंग्रजी यांची गाठ काही पडली नाही.

बाची हंगेरीतल्या शोप्रोनला शिकायला होता. ऑस्ट्रियाच्या सीमेला अगदी लागून हे गाव. तिथे वनविद्येचं कॉलेज होतं, आणि ते कॉलेजसुद्धा मूळचं तिथलं नव्हे. आधी ते शेल्मेत्सबान्या नावाच्या खाणींच्या गावात होतं. पहिल्या महायुद्धानंतर ते गाव चेकोस्लोव्हाकियात गेलं आणि कॉलेज १९१९ साली बाडबिस्तरा गुंडाळून शोप्रोनला आलं. पुढे १९५६ च्या ऑक्टोबरात बुडापेस्टला उठाव झाला. ४ नोव्हेंबरला रशियन रणगाडे परत घुसले आणि त्या सगळ्या धामधुमीत दोनएक लाख माणसं देशाबाहेर पडली. त्यांतच शोप्रोनची पोरं आणि मास्तर. बाची तेव्हा एकोणीस वर्षांचा. अंगात दोन स्वेटर, काखेत एक पाव. आईला कळवलंसुद्धा नाही, कारण आठवड्याभरात परत येऊ असाच हिशेब होता.

पुढचा भाग मला फार आवडतो. ही मंडळी पांगली नाहीत. ऑस्ट्रियात बसून त्यांनी निरनिराळ्या देशांना पत्रं पाठवली, की घ्यायचं तर आमचं कॉलेज अख्खं घ्या. कॅनडाने घेतलं! सुमारे दोनशे विद्यार्थी, त्यांचे प्राध्यापक, प्राध्यापकांची बायकामुलं. बोटीने अटलांटिक ओलांडून आणि मग आगगाडीने सगळा देश पार करून १९५७ च्या सुरुवातीला सगळे इकडच्या किनाऱ्याला आले. आधी पॉवेल रिव्हर या कागदाच्या गिरणीच्या गावात त्यांना ठेवलं, इंग्रजी शिकवलं. सप्टेंबरपासून ते व्हँकुव्हरच्या यूबीसी विद्यापीठात दाखल झाले. स्वतःचे मास्तर, स्वतःची भाषा, पदवी मात्र इथली. १९६१ ला शेवटची तुकडी बाहेर पडली आणि तो विभाग बंद झाला. त्या शेवटच्या तुकडीत बाची होता. "कॉलेज बंद करून कुलूप आम्ही लावलं," असं तो ऐटीत सांगायचा.

आम्ही आलो ते पीआरचे, म्हणजे कायम राहायच्या परवान्याचे कागद, चार बॅगा आणि तू दिलेला कुकर घेऊन. हे ऐकून तो एवढा हसला होता की ठसका लागला. "कुकर आणला म्हणजे तुम्ही विचार करून आलात," म्हणाला.

त्याची-आमची ओळख झाली ती परसातल्या आलुबुखाराच्या झाडामुळे. नवीन भाड्याच्या घरात आलो त्याच वर्षी. फळं पडून कुजत होती आणि आम्हाला फुरसत नव्हती. एका शनिवारी सकाळी खिडकीतून पाहते तर एक अनवाणी म्हातारा शिडीवर! विचारलं तर म्हणाला, "तुमचं झाड गेली तीन वर्षं मीच उतरवतो. तुम्ही नवीन आहात." म्हणजे परवानगी आम्हीच त्याची घ्यायला हवी होती. काही दिवसांनी दोन बरण्या घेऊन आला. एकीत त्यांच्याकडचा मुरंबा; तो साखर न घालता दिवसभर मंद आचेवर आटवतात, काळाकुट्ट होईपर्यंत. दुसऱ्या बरणीत जे होतं ते बाबांनी चाखलंय. आई, तुला औषध म्हणून सांगितलं होतं, आता खरं सांगायला हरकत नाही.

'बाची' म्हणजे त्यांच्याकडे काका. गल्लीतली पोरं तेच म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. एवढ्या मोठ्या माणसाला अरे-तुरे काय करतेस म्हणून तू रागावली होतीस, पण त्याला अहो-जाहो करून बघ एकदा, असं मी तेव्हाही म्हटलं होतं. जमलं नसतं तुलाही.

आणि तुझं तरी त्याच्याशी काय कमी वाजलं! पिल्लूच्या वेळी तू आलीस, बाळंतिणीच्या खोलीला शेक-शेगडी, धुरी सगळं केलंस, आणि हा बेल न वाजवता थेट आत. डब्यातला हळिवाचा लाडू स्वतःच्या हाताने काढून खाल्ला, वर तुलाच सांगितलं की गूळ कमी पडलाय. "ह्या म्हाताऱ्याला रीतभात कुणी शिकवली नाही का?" हे तुझं वाक्य तुमच्या जावयाने तेव्हा इंग्रजीत करून सांगितलं नाही, पण नंतर सांगितलं. बाची म्हणाला, "शिकवली होती, मी पळून आलो." मग तो जंगलातून पिवळी अळंबी घेऊन आला आणि तू हात लावायला तयार नव्हतीस. त्याने एक उलटी करून तुझ्या नाकाला लावली. जर्दाळूचा वास येतो का बघ, म्हणाला. खालच्या बाजूच्या शिरा देठावर कशा उतरत जातात ते बोट फिरवून दाखवलं. त्या सुट्या निघाल्या तर टाकून द्यायचं, हे बजावलं. तू तरीही आधी त्याला खायला लावलंस आणि रात्रभर थांबलीस! दुसऱ्या दिवशी तो जिवंत दिसला तेव्हा कुठे काळा मसाला घालून रस्सा केलास. त्या रश्श्याचं नाव तो शेवटपर्यंत काढत होता.

बाबांचं आणि त्याचं मात्र पहिल्या दिवसापासून जमलं. पाटबंधारे खात्यातला माणूस आणि वनखात्यातला माणूस, दोघंही खात्याला शिव्या देण्यात तरबेज. स्टॅनली पार्कमधली ती दुपार आठवते का, बाबा? २००६ च्या डिसेंबरात वादळ झालं तेव्हा त्या पार्कातली दहाएक हजार झाडं पडली होती. त्यांतल्याच एका डग्लस फरच्या कापलेल्या खोडाशी तुम्ही दोघं बसलात. बाचीने खिशातून टाचण्यांची डबी काढली, तुम्ही पेपर वाचायचं भिंग काढलंत. सालीकडून आत, वर्षाला एक अशी कडी मोजत जायची, दर दहा वर्षांना एक टाचणी. वाट्टेल तिथे तुम्ही त्याला थांबवत होतात. १९६७ च्या कड्यावर तुम्ही कोयनेच्या भूकंपाची टाचणी लावलीत. कितीतरी रात्री शेतात झोपलो, घरात जायची छाती होत नव्हती, ते सांगितलंत. १९५६ ला त्याने टाचणी लावली, तर तुम्ही म्हणालात, थांब, ह्याच वर्षी आमच्याकडेही संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं रस्त्यावर होती. मग त्याची १८४८, हंगेरीतल्या क्रांतीची. आणि पार आत, जिथे कडी केसाएवढी बारीक होत गेली होती, तिथे तुम्ही पेशवाई बुडाल्याची १८१८ शोधत बसलात. मी बाबागाडी ढकलून दमले, तुम्ही दोघं उठायला तयार नाही. पावसाची भुरभुर सुरू झाली तर बाचीने स्वतःची टोपी खोडावर धरली, तुमच्या डोक्यावर नाही.

त्याची नोकरीही झाडं मोजायचीच. तोडीच्या आधी जंगलात फिरायचं आणि उभ्या झाडांतून लाकूड किती निघेल ते मांडायचं. वीस-पंचवीस वर्षं केली. मग एक दिवस सोडली, आणि १९९३ च्या उन्हाळ्यात क्लेओक्वॉट साउंडला तोड थांबवायला लोक रस्त्यावर बसले तेव्हा हा त्यांच्यात जाऊन बसला. त्या आंदोलनात आठशेच्या वर लोकांना अटक झाली, त्यांत छप्पन्न वर्षांचा बाची. गंमत अशी की लाकूडतोड्यांविषयी कुणी वाकडं बोललं तर तो खवळायचा. शहरातल्या लोकांनी लाकडाच्या घरात बसून त्यांना नावं ठेवू नयेत, म्हणायचा. त्याचे जुने सहकारी आणि त्याच्यासोबत अटक झालेले, दोघंही त्याच्यावर नाराज. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. मला ते कधी कधी अतिच वाटायचं, कारण माणसं तोडायला त्याला एक वाक्य पुरायचं.

संसाराचं तसंच. दोन लग्नं, दोन्ही मोडलेली. आई, तू विचारलं होतंस, परत मायदेशी का नाही गेला? १९६३ ला तिथल्या सरकारने माफी जाहीर केली, त्यानंतर तो जाऊन आला होता. आई भेटली, रडली, जेवायला घातलं आणि तिसऱ्या दिवशी केस कापायला घेऊन गेली. "तेव्हाच कळलं की आपण पाहुणे म्हणूनच बरे," म्हणाला. हे सांगताना तो हसत होता. मग बराच वेळ गप्प होता, तेही लिहायला हवं, नाहीतर मी त्याला फारच बेफिकीर करून टाकीन. आई जाईपर्यंत तो दर महिन्याला तिला पत्र लिहायचा. मोबाइल कधी घेतला नाही. आमच्या पेटीतसुद्धा सालीच्या तुकड्यावर पेन्सिलीने लिहिलेले निरोप यायचे. पिल्लूने सगळे एका बुटाच्या खोक्यात ठेवलेत.

गेल्या सप्टेंबरात तो मागच्या गल्लीत पडला. हृदय थकलंय, वृद्धाश्रम बघा, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याने साफ नाही म्हटलं. मग गल्लीने पाळ्या लावल्या. समोरच्या पोर्तुगीज आजी सूप करायच्या. कोपऱ्यावरची फिलिपिनो मुलगी नर्स आहे, ती औषधं बघायची. मंगळवार आणि शुक्रवार आमच्याकडे. मऊ भात, तूप आणि तू पाठवलेलं मेतकूट. दुसरं काही नको असायचं. रविवारी त्याची पहिली बायको यायची आणि बुधवारी दुसरी, आणि दोघी एकमेकींना फोन करून आज किती खाल्लं ते सांगायच्या. मी सुरुवातीला अवघडले, मग सवय झाली. त्याला दया दाखवलेली लगेच कळायची. एकदा मी जरा गोड आवाजात "बरं वाटतंय का?" विचारलं तर म्हणाला, "मेतकूट कमी घातलंस."

शेवटचे काही दिवस इंग्रजी पार गेलं. नुसतं हंगेरियन. आम्हाला एक अक्षर कळेना. मग बर्नबीहून त्याचा वर्गमित्र आला, तोही सत्त्याऐंशीचा, हातात वॉकर. दोघं कॉलेजातली गाणी म्हणत बसले, एक बिछान्यात, एक खुर्चीत, भयंकर बेसूर. नर्स मुलीने दार लावून घेतलं, शेजारच्यांचं बाळ झोपलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे बाची गेला. उशाशी बुधवारची बायको होती, वार शनिवार असूनसुद्धा.

रक्षा पॉवेल रिव्हरजवळच्या जंगलात न्यायची, हे त्याने लिहून ठेवलं होतं. तिथे जायला दोन फेरीबोटी बदलाव्या लागतात, एवढी माणसं येतील असं मला वाटलं नव्हतं. पहिल्या बोटीतच आमच्या गाड्या पुऱ्या मावल्या नाहीत, निम्म्या मागच्या बोटीने आल्या. आता सांग आई, एकटा कुठे?

बाबा, त्याचं ते गिरमिट तुम्हाला द्यायचं ठरलंय. झाडाला न मारता आतली पेन्सिलीहून बारीक कांडी काढून कडी मोजायची, ते. त्याने तसं सांगितलं नव्हतं, पण त्याच्या दोघी बायकांनी पंचवीस जणांसमोर जाहीर केलं, आणि त्यांच्यापुढे बोलायची माझी काय टाप. सोबत काढलेल्या कांड्याही आहेत, प्रत्येक कोल्डड्रिंकच्या नळीत घालून, नळीवर वर्ष आणि जागा लिहून. त्यांतली एक आमच्या आलुबुखाराची आहे. त्या आम्ही इथेच ठेवतोय, पिल्लू सोडायला तयार नाही.

दिवाळीला येतोय तेव्हा आणते. हातातल्या बॅगेत नेऊ देणार नाहीत, खालच्या सामानात टाकीन. कऱ्हाडच्या आपल्या परसातल्या आंब्यावर लगेच प्रयोग करू नका. आंब्यात कडी धड दिसत नाहीत, सागात स्वच्छ दिसतात, हे त्यानेच तुम्हाला सांगितलं होतं. साग कुंपणापलीकडे वकिलांच्या हद्दीत आहे, तेव्हा आधी त्यांना विचारा. आणि आई, मेतकूट संपलंय. या वेळी जरा जास्त कर, पोर्तुगीज आजींनाही हवंय.

तुमची,
लेक